खोडदची दुर्बीण, निळवंड्याचा कालवा आणि आपली पाइपलाइन



आज कांद्याचं रोप नाही, औषधाचं प्रमाण नाही. आज थोडं पाइपलाइनबद्दल लिहितोय, आणि खरं सांगायचं तर पाइपलाइनपेक्षा काम कसं तडीला न्यायचं याबद्दल.

पाऊस उघडला की आपल्याकडं सामुदायिक पाइपलाइनच्या बैठका सुरू होतात. आमच्या शिवारातही सुरू झाल्यात. सतरा खातेदार, चाळीस एकर, विहिरीपासून शेवटच्या वावरापर्यंत तीन किलोमीटर अंतर. कुणी सोसायटीचं कर्ज काढणार, कुणी घरातलं सोनं ठेवणार. एवढा पैसा अडकणार आणि दोन बैठका गेल्या कशात? पाइपाचा भाव काय, मोटार कुठल्या कंपनीची, ठेका कुणाला. माझं मत स्पष्ट आहे. योजना पाइपामुळं फसत नाही. पाणी कुणाला, किती, आणि काम संपलं असं कधी म्हणायचं, हे आधी न ठरवल्यामुळं फसते.

याची दोन मोठी उदाहरणं आपल्या अगदी जवळ आहेत. एक डोंगरापलीकडं अकोल्यात, दुसरं आपल्याच तालुक्यात खोडदला.

आधी निळवंडे. प्रवरेवरचं हे धरण १९७० साली कागदावर आलं. तेव्हाचा अंदाज होता सुमारे ८ कोटींचा. ८५ किलोमीटरच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं २६ ऑक्टोबर २०२३ ला. तोवर प्रकल्पाचा खर्च गेला होता ५,१७७ कोटींच्या घरात. आता १९७० चा रुपया आणि आजचा रुपया एक नाही, हे मलाही कळतं. पण वर्षांचा हिशोब कुठल्याच रुपयात मोडता येत नाही. १९७० ला जो गडी पंचवीस वर्षांचा होता, तो कालवा सुरू झाला तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा. त्याची सगळी कमावती वर्षं पाण्याची वाट बघण्यात गेली. आणि कितीजण तर ते बघायलाही राहिले नाहीत.

निधी, जमिनी, पुनर्वसन, राजकारण, कारणं सगळ्यांना माहीत आहेत. माझा मुद्दा दुसरा आहे. धरणात पाणी साठू लागलं तरी कालवे मागंच राहिले होते. भिंत दिसते, तिचा फोटो निघतो. शेवटच्या चारीचा फोटो कुणी काढत नाही. म्हणून भिंतीला प्रकल्प म्हणायची सवय लागते आणि चारीला ‘राहिलेलं काम’. आपल्याकडं लहान प्रमाणात हेच होतं. मोटार बसली, नारळ फुटला, पेढे वाटले. टेलच्या माणसाला पाणी गेलं का, हे विचारायला कुणी नाही.

आता खोडद. तिथल्या जीएमआरटीच्या डिश आपण लहानपणापासून बघतोय, पण त्या उभ्या कशा राहिल्या हे कमी लोकांना माहीत असतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या, पार २५ किलोमीटरच्या पट्ट्यात. टीआयएफआरच्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी हे घडवून आणलं. त्याआधी त्यांनी उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली होती, ती १९७० ला सुरू झाली. म्हणजे योगायोग बघा, ज्या साली निळवंडं कागदावर आलं, त्याच साली उटीचं काम पूर्ण झालं. तो अनुभव गाठीशी घेऊन पुढं खोडद.

पैसा बेताचाच होता. मग त्यांनी काय केलं? आधी नेमकी गरज बघितली. या दुर्बिणीला ऐकायच्या होत्या मीटरभर आणि त्याच्या आसपास लांबीच्या रेडिओ लहरी. अशा लहरीसाठी अखंड पत्रा लागतच नाही. लहरीपेक्षा भोकं बरीच लहान असली की बारीक तारेची जाळीही आरशासारखं काम करते. म्हणून स्टीलच्या दोरांवर ताणलेली जाळी वापरली. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळं सांगाडा हलका झाला, लोखंड वाचलं, खर्च आवाक्यात आला. काटकसर केली, पण गरज मोजून केली.

आपण उलटं करतो. आधी भाव विचारतो, मग परवडेल तो पाइप घेतो. आमच्याच लाइनचा हिशोब मांडतो. चाळीस एकर ठिबकवर, रोज ४ मिलिमीटर पाणी धरलं तर एकरी साधारण १६ हजार लिटर, म्हणजे एकूण साडेसहा लाख लिटर. लाइट आठ तास धरली तर तासाला ८० हजार लिटरच्या वर उपसा. एवढ्या पाण्याला १६० मिलिमीटरचा पाइप व्यवस्थित होतो. बैठकीत सूर होता की १४० चा घेऊ, तेवढेच पैसे वाचतील. पण त्याच पाण्याला १४० मध्ये घर्षणात जाणारा दाब जवळपास दुप्पट होतो. म्हणजे मोठी मोटार, जास्त बिल, आणि ते बिल दर महिन्याला. शिवाय दाब संपतो तो टेलला. पाइपात वाचवलेले पैसे शेवटच्या खातेदाराच्या पिकातून वसूल होतात.

खोडदची दुसरी शिकवण म्हणजे तुकड्यातुकड्यानं काम. सगळ्या डिश एकसारख्या. एखादी दुरुस्तीला काढली तरी बाकीच्या चालू राहतात. आपल्या लाइनलाही दर फाट्यावर वॉल हवा, म्हणजे एके ठिकाणी फुटलं तर सतराजणांचं पाणी बंद पडणार नाही. आणि चर बुजवायच्या आधी प्रत्येक तुकड्यात पूर्ण दाबानं पाणी सोडून बघायचं. जेसीबीवाला घाई करतो, करू द्या. उघड्या चरातली गळती अर्ध्या तासात सापडते. बुजवलेल्या चरातली सापडायला उभं पीक खणावं लागतं.

तिसरी गोष्ट परवानगीची. पुणे–नाशिक रेल्वे आपल्या भागातून जायची म्हणून किती आशा लावून बसलोय आपण. तो मार्ग खोडदच्या दुर्बिणीमुळं अडला, असं रेल्वे मंत्रालयानंच सांगितलं. बरेच लोक त्यावरून दुर्बिणीला नावं ठेवतात. पण दुर्बीण काय काल आली का? २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरतायत. नकाशावर रेघ ओढायच्या आधी तिथं विचारायला हवं होतं. आपलंही तसंच आहे. हायवे ओलांडायचा असेल तर त्यांची परवानगी, पाणी उचलायचं तर जलसंपदाची, आणि ज्याच्या बांधावरून लाइन जाणार त्याची लेखी संमती. ‘आपलाच भाऊ आहे, नाय म्हणणार नाही’ यावर तीन किलोमीटरचा पाइप टाकायचा नसतो. भाऊ नाही म्हणत नाही, पण जमीन वाटली की पुतण्या म्हणतो.

बैठकीत एक जण म्हणाला, एकाच्या हाती कारभार दिला की तो मालक होऊन बसतो. शंका खोटी नाही. पण सतराजणांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच जबाबदारी नाही. म्हणून काम एकाच्या गळ्यात आणि हिशोब सगळ्यांसमोर. दर महिन्याला बिलं ग्रुपवर पडली पाहिजेत. दुरुस्तीचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात. खोडदला काम संपल्यावर कुलूप लावून कुणी निघून गेलं नाही. रोज देखभाल आहे, आणि अलीकडच्या वर्षांत यंत्रणा नवीन करून तिची क्षमता वाढवली. म्हणून ती आजही चालते. आपल्याकडं मोटार जळली की वर्गणी कोण देणार यावर योजना बंद पडतात.

शेवटी माझी एकच मागणी, जी मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. ठेकेदाराच्या पैशातले दहा टक्के मागं ठेवायचे. ते सोडायची सही अध्यक्षाची नको, सेक्रेटरीची नको. सही शेवटच्या खातेदाराची. त्याच्या वावरातल्या शेवटच्या नळीच्या शेवटच्या ड्रीपरमधून सलग पंधरा दिवस पाणी पडलं, तर काम पूर्ण. नाहीतर नारळ कुणीही फोडो, काम अपूर्ण. हे इतिवृत्तात लिहायचं आणि पाइपाची ऑर्डर द्यायच्या आधी सतराजणांनी खाली सह्या करायच्या.

ज्याचं वावर विहिरीजवळ आहे त्याला ही अट जाचक वाटेल. पण वर्गणी एकरी सारखीच आहे, मग पाणीही सारखंच पोहोचायला हवं.

तुमच्याकडं अशी लाइन दहा-पंधरा वर्षं नीट चालली असेल तर सांगा, तुम्ही काय ठरवलं होतं आणि कागदावर काय लिहिलं होतं. आमची ऑर्डर अजून गेलेली नाही.