दोन्ही खरं असेल तर?

रविवारी भाची आली होती. एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे तिची. आठवडाभर हिंजवडीला नोकरी, शनिवारी क्लास, आणि रविवारी निगडीला येऊन मामाच्या डोक्याला ताप! डायनिंग टेबलवर पुस्तक पसरून बसली होती. मध्येच वैतागून म्हणाली, "मामा, हे पॅराडॉक्सचे प्रश्न म्हणजे नुसता शब्दांचा खेळ आहे. दोन उलटसुलट वाक्यं द्यायची आणि म्हणायचं, आता जुळवा."

मी चष्मा शोधला आणि पुस्तक पुढ्यात ओढलं. माझी सगळी नोकरी चाकण-भोसरीच्या कारखान्यांत गेली, मला कुठली असली परीक्षा द्यावी लागली नाही. पण चार-पाच प्रश्न वाचले आणि वाटलं, द्यायला हवी होती.

ज्यांनी हे प्रश्न पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार ओळींचा उतारा असतो. त्यात दोन गोष्टी सांगितलेल्या असतात, पण त्या एकत्र नांदायला तयार नसतात. मध्ये कुठेतरी 'तरीही' किंवा 'मात्र' बसलेला असतो. मग विचारतात, खालीलपैकी कोणतं विधान खरं मानलं तर हा विरोधाभास सुटतो? जीमॅट, एलसॅटसारख्या परीक्षांत हा प्रकार वर्षानुवर्षं आहे.

मी भाचीला म्हटलं, पुस्तक ठेव बाजूला, आपल्या घरचाच प्रश्न घेऊ. नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवडला एकाआड एक दिवस पाणी सुरू झालं. त्यानंतरच्या पावसाळ्यांत पवना धरण शंभर टक्के भरल्याच्या बातम्या आल्या, तरीही वेळापत्रक तेच राहिलं. आता पर्याय बघ.

अ) यंदा धरणक्षेत्रात पाऊस कमी झाला.
ब) धरण भरलं की जास्तीचं पाणी नदीत सोडून द्यावं लागतं.
क) शेजारच्या शहरातही काही भागांत पाणी कमी दाबाने येतं.
ड) नदीतून रोज किती पाणी उचलून शुद्ध करता येतं याला मर्यादा आहे, आणि शहराची गरज तिच्यापुढे गेली आहे.

'अ' लगेच बाद. धरण भरलंय हे उताऱ्यानेच सांगितलंय, ते नाकारायचा अधिकार आपल्याला नाही. 'ब' फसवा आहे. खरा वाटतो, विषयाला धरून वाटतो, पण त्याने गाठ सुटत नाही, उलट आवळते. पाणी सोडून देण्याइतकं आहे, तर मग नळाला का नाही? 'क' शेजाऱ्याचं रडगाणं, त्याचा इथे संबंध नाही. राहिला 'ड'. धरणातलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि मग नळाला. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. म्हणजे कणगी भरलेली आहे हो, पण जातं तेवढंच आणि खाणारी तोंडं वाढलेली. दोन्ही गोष्टी खऱ्या राहिल्या आणि भांडण मिटलं.

भाचीला पटलं. मी म्हटलं, मग हा शब्दांचा खेळ कसा? यातला पहिला नियमच किती अवघड आहे बघ: दोन्ही बाजू खऱ्या माना. आपण एरवी काय करतो? दोन गोष्टी जुळत नाहीत असं दिसलं की त्यातली गैरसोयीची असेल ती खोटी ठरवतो. "धरण भरलंच नसणार, पेपरवाले काहीही छापतात" किंवा "पाणी मुद्दामच सोडत नाहीत हे लोक". दोन्हीकडे अर्धी गोष्ट मारून टाकलेली. तिसरी गोष्ट शोधायला कोणी जातच नाही.

तिसरी गोष्ट न शोधल्यामुळे मोठे मोठे लोक चकतात. अमेरिकेत बर्कली विद्यापीठाचं १९७३ चं उदाहरण प्रसिद्ध आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, बायकांपैकी ३५ टक्क्यांना. सरळ अन्याय दिसतोय ना? पण एकेका विभागाचे आकडे काढले तर बहुतेक ठिकाणी बायकांवर अन्याय दिसेना, उलट काही ठिकाणी त्याच थोड्या पुढे. दोन्ही आकडे खरे! तिसरी गोष्ट अशी की, जिथे जागा कमी आणि अर्ज फार, अशा विभागांकडे बायकांचा ओढा जास्त होता. अर्थात त्यांचा ओढा तिकडेच का, हा पुढचा प्रश्न उरतोच.

इथवर सगळं शहाणपण सांगून झालं आणि मला माझाच एक प्रश्न आठवला. घरी कधी बोललो नव्हतो. म्हटलं, आता निघालंच आहे तर सोडव.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या ज्या कारखान्यात मी होतो तिथे प्रेसच्या दोन लाईन होत्या. एका लाईनवर लातूरकडचा एक डिप्लोमावाला मुलगा लाईन लीडर होता, ठेकेदाराकडून आलेला. एका तिमाहीत त्याच्या लाईनच्या वहीत एकोणीस किरकोळ अपघातांच्या नोंदी झाल्या. कुठे पत्रा लागला, कुठे बोट थोडक्यात वाचलं, कुठे तेलावरून पाय घसरला. दुसऱ्या लाईनवर फक्त चार. पण दुखापतीमुळे बुडालेले दिवस? त्याच्या लाईनवर शून्य. दुसऱ्या लाईनवर अकरा.

भाचीने पेन्सिल टेकवलीसुद्धा नाही. म्हणाली, "सोपं आहे मामा. तो सगळं लिहायचा. दुसरे लिहायचे नाहीत."

दहा सेकंद लागले असतील तिला.

आम्ही चार जण तासभर मीटिंगमध्ये बसलो होतो. दोन्ही आकडे एकाच कागदावर, शेजारच्या रकान्यांत. आम्ही एकोणीसवर बोट ठेवलं आणि शून्याला म्हटलं, नशीब. त्याच्या लाईनवर शिस्त नाही असा शेरा मी लिहिला, माझ्या हाताने. ठेकेदाराला तेवढं पुरलं. पुढच्या महिन्यात तो मुलगा गेटवर दिसला नाही. वहीतल्या नोंदी तीनवर आल्या, आणि सेफ्टी वीकमध्ये त्याबद्दल आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पुढे पाचेक महिन्यांनी दुसऱ्या लाईनवर एका कामगाराची दोन बोटं गेली. चौकशीत निघालं, दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक कित्येक दिवस बांधून ठेवलेलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. वहीत एक ओळ नाही. अळीमिळी गुपचिळी.

परीक्षेत आणि कारखान्यात एक फरक आहे, तोही भाचीला सांगितला. परीक्षेत बरोबर उत्तर चार पर्यायांत असतंच, आणि 'खरं मानलं तर' म्हटल्यावर ते तपासायलाही लागत नाही. बाहेर पर्याय कोणी छापून देत नाही. सुचलेलं उत्तर खरं आहे का, हे लाईनवर जाऊन, माणसाला विचारून बघावं लागतं. मी त्या मुलाला एकदाही विचारलं नव्हतं, "बाबा, तुझ्याकडेच एवढ्या नोंदी का रे?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

म्हणून मला वाटतं, हे प्रश्न नुसते परीक्षेपुरते सोडवून सोडून देऊ नयेत. क्लासवाले शिकवतात त्या युक्त्या शिकाव्यात, मार्क मिळवावेत, पण पहिला नियम बरोबर घेऊन ऑफिसला जावं. आकडा आवडला नाही म्हणून तो आणणाऱ्या माणसाला खोडून टाकू नये.

भाची गेल्यावर बायको म्हणाली, "त्या मुलाचं पुढे काय झालं?" मला माहीत नाही. नाव मात्र पक्कं लक्षात आहे, इथे लिहीत नाही.