पोटखराबा कोणाचा?

सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असा एक शब्द आढळतो. लागवडीस अयोग्य क्षेत्र, हा त्याचा महसुली अर्थ. ओढा, नाला, खडकाळ उतार हे सारे त्यातच जमा होते. एखादे स्थळ निरर्थक ठरवण्याचे काम बुलडोझर येण्याच्या कितीतरी आधी भाषेने उरकलेले असते. म्हणून हा प्रश्न नगररचनाकारांचा आहे तितकाच आपणा भाषा-साहित्याच्या अध्यापकांचाही आहे.

सोलापूरचेच पाहू. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोन्नलिगे येथे तळे खोदविले आणि गावाभोवती 68 लिंगांची स्थापना केली, असे परंपरा सांगते. राघवांकाने तेराव्या शतकात त्यांचे चरित्र कन्नड काव्यात गुंफले. भोगीच्या दिवशी सात नंदीध्वज आजही यण्णीमज्जनासाठी या लिंगांकडे निघतात. म्हणजे येथील वारसा सुट्या वास्तूंचा नाही. तळे, त्यात पाणी आणणारा उतार, लिंगे आणि त्यांना जोडणारी वाट यांची मिळून ती एक संहिता आहे. मधले चरण फाडून उरलेल्या ओळींना आपण काव्य म्हणू काय?

कायदा मात्र सुटी वास्तूच ओळखतो. 1958 च्या स्मारक कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढील 200 मीटरपर्यंत नियमन आले. भुईकोट किल्ल्याला हे कवच आहे. पाणलोटाला आणि वाटेला नाही. उतारावर सिमेंट पडले की पावसाचे पाणी तळ्याची वाट सोडून गटाराची धरते. मग आटलेल्या तळ्याभोवती दिवे आणि कारंजी लावून त्यास ‘सुशोभीकरण’ म्हणावयाचे!

‘माणसांना घरे नकोत काय?’ असे विचारले जाईल. गिरणी आणि विडी कामगारांच्या या शहरात तो प्रश्न झटकून टाकणे निर्दयपणाचे होईल. परंतु त्याचे उत्तरही सोलापूरनेच दिले आहे. कुंभारी येथील 30 हजार घरांच्या कामगार वसाहतीतील 15 हजार घरांचे हस्तांतरण जानेवारी 2024 मध्ये झाले. त्यासाठी सिद्धेश्वर तळ्याचा काठ लागला नाही. तळ्याकाठचा प्लॉट विडी वळणाऱ्या बाईसाठी पाडला जात नाही, हे आपण सारेच जाणतो. तिचे नाव पुढे करून दुसऱ्याच कोणाचा बंगला उभा राहतो.

1966 च्या नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. आपले मराठी विभाग तेथे कधी दिसतात? लोकसाहित्यावर चर्चासत्रे भरविण्यात आपण मागे नाही. यंदा त्यातले एक कमी करावे. विद्यार्थ्यांसह त्या 68 स्थानांची वाट पायी चालावी, ओढ्यांची लोकांच्या तोंडी असलेली नावे टिपावीत आणि तो नकाशा हरकत म्हणून दाखल करावा. ज्या ओढ्याला कागदोपत्री नाव आहे, त्यास पोटखराबा म्हणणे थोडे तरी अवघड होईल.