नकाशावर उरलेले स्थानक

आदिलाबादला लागून असलेल्या आमच्या मावल्यावरून विमानाचा आवाज गेला की वर्गातील निम्म्या माना खिडकीकडे वळतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आदिलाबादेत निजामी काळापासूनची धावपट्टीची जागा आहे आणि तेथे पुन्हा विमान उतरणार ही वार्ता या जिल्ह्याने अनेकदा ऐकलेली आहे. आपल्या या मुलखाचे लढाऊ विमानांशी असलेले नाते तर थेट इंग्लंडापर्यंत पोहोचते. ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ व्या स्क्वाड्रनच्या नावातच 'हैदराबाद' होते, कारण तिच्या विमानांसाठी निजाम सरकारने द्रव्य दिले होते. १९४० साली तिची स्पिटफायर विमाने इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी झुंजली आणि पुढे ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. त्या द्रव्यात आपल्याकडील रयतेच्या सारावसुलीचाही वाटा असणारच.

त्याच ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हृषीकेश मुळगावकर हे मराठी वैमानिकही लढले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले, तर १९७६ ते १९७८ या काळात ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. २०१५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या वैमानिकाशी चार शब्द बोलण्याची संधी आता जवळजवळ संपली आहे. १९७१ साली पंचविशीत असलेला वैमानिकही आज ऐंशीच्या घरात आहे.

मग अशा एखाद्या वृद्ध वैमानिकाची गाठ पडलीच, तर त्यास विचारावे काय? गेल्या डिसेंबरात आम्ही हाच प्रश्न आमच्या वर्गास घातला आणि उत्तरे चिठ्ठ्यांवर मागविली. बहुतेकांनी लिहिले, 'आपण शत्रूची किती विमाने पाडलीत?' एका मुलीने मात्र लिहिले, 'घरी परत आल्यावर पहिल्या दिवशी काय जेवलात?' वर्ग हसला. आम्हांस तो प्रश्न आवडला. पाडलेल्या विमानांचा आकडा सरकारी दप्तरात सापडतो. पहिल्या घासाची गोष्ट, ज्याने तो घेतला त्याच्यापाशीच असते.

कागदाला जे ठाऊक नसते ते माणसाला ठाऊक असते, याचा दाखला दिलीप परूळकर यांच्या हकिगतीत सापडतो. १९६५ च्या युद्धात विमानावर मारा होऊन ते जखमी झाले. विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला मिळाला असताही त्यांनी ते तळावर परत आणले. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ पाडले गेले आणि ते रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत पोहोचले. ऑगस्ट १९७२ च्या एका वादळी रात्री परूळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे भिंत पोखरून बाहेर पडले. बसने पेशावर, तेथून खैबर खिंडीतील लंडी कोतल, असा मजल-दरमजल प्रवास करीत ते अफगाण सरहद्दीपासून अवघ्या काही मैलांवर येऊन ठेपले.

तेथे त्यांनी पुढच्या लंडी खाना या गावाची चौकशी केली. नकाशावर त्या नावाचे रेल्वे स्थानक होते. प्रत्यक्षात तेथवरची रेल्वे १९३२ सालीच बंद झालेली होती. तिथल्या माणसास हे पक्के ठाऊक असल्याने परक्यांचा संशय आला आणि तिघेही पकडले गेले. इतक्या धाडसाचा घात एका जुन्या नकाशाने केला! नंतर लायलपूरच्या तुरुंगात काही काळ काढून १ डिसेंबर १९७२ रोजी ते इतर युद्धकैद्यांसह मायदेशी परतले. परूळकर पुढे ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. पलायनाची हकिगत पुस्तकात आणि चित्रपटात आलेली आहे, परंतु मनात उरलेला एखादा प्रश्न त्यांना विचारावा म्हटले, तर तो मार्ग आता बंद झाला.

परतलेल्यांशी बोलू लागले की न परतलेल्यांचा विषय टळत नाही. परूळकरांच्या पाच दिवस आधी, ५ डिसेंबर १९७१ रोजी, सुखोई-७ घेऊनच गेलेले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे परत आले नाहीत. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची जी नावे पाकिस्तानी वृत्तांत आली, त्यांत त्यांच्याशी मिळतेजुळते एक नाव होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. बेपत्ता सैनिकांच्या नातलगांच्या पथकातून २००७ साली त्या पाकिस्तानातील तुरुंगांपर्यंत जाऊन आल्या. असा एकही युद्धकैदी आपल्याकडे नाही, असेच पाकिस्तान सांगत आले आहे. बेपत्तांच्या यादीतील ५४ नावांत विजय तांबे हे एक नाव राहिले. एकाच युद्धात, एकाच जातीच्या विमानातून गेलेले हे दोन मराठी तरुण. एकाने आपली कथा स्वतःच्या मुखाने सांगितली. दुसऱ्याची कथा सांगणारा कोणी भेटलाच नाही.

म्हणून वाचकहो, एक विनंती. हवाई दलाची अकादमी आपल्याच राज्यात दुंडिगलला आहे, हकीमपेठचा तळही जवळच. या दलात आयुष्य घालविलेले वैमानिक आणि विमानांची देखभाल करणारे तंत्रज्ञ हैदराबाद-सिकंदराबादेत राहतात. आपल्या नात्यागोत्यात, शेजारात असे कोणी असतील, तर या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला जाताना घरातील मुलांना बरोबर न्यावे. जिल्ह्यातील मुलींना तर आवर्जून न्यावे, कारण देशातील पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक २०१६ साली याच दुंडिगलला हवाई दलात दाखल झाल्या.

बरोबर एक वही असावी. घाई करू नये. ते गप्प बसले तर आपणही गप्प बसावे. किती विमाने पाडलीत, हे शेवटी विचारले तरी चालेल. आधी विचारावे की त्या दिवशी सोबत कोण कोण होते. ती नावे मुलांच्या हातून, वळणदार अक्षरात, त्यांच्या गावांसह लिहून घ्यावीत.