गोदामातील पिल्ले आणि आवळ्याचा पाक

नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगाव (श्यामजी पंत) येथे आर्वीचा रस्ता येऊन मिळतो. वर्धा जिल्ह्यातील आष्टी, कारंजा (घाडगे) आणि आर्वी हे तीन तालुके संत्र्यांचे. दिवाळीच्या सुट्टीत या भागातील व्यापारी घरांत मुले मोकळी असतात. मोठी माणसे मात्र वहीपूजन आटोपताच दुकानात परततात. त्या आठवड्यात मुलांच्या हाती तीन कामे सोपविता येतात: खाऊचा वर्ग, बागेच्या सहलीची आखणी आणि गोदामात मांजर व्याली असल्यास तिच्या पिल्लांची काळजी. पहिली दोन सोपी आहेत.

बाजारातील मऊ, चिवट गोळ्यांत पुष्कळदा जिलेटिन असते. ते जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यातून काढतात. काही लाल गोळ्यांतील ई 120 हा रंग किड्यांपासून तयार होतो. हे नुसते सांगून मुले ऐकत नाहीत. स्वतःच्या हाताने गोळी केली की ऐकतात. कार्तिकात आवळा बाजारात येऊ लागतो. 1 किलो आवळे वाफवून पाकळ्या सुट्या कराव्यात, बिया काढाव्यात आणि 700 ग्रॅम साखर थरांत घालून झाकून ठेवावे. साखर आवळ्यातील पाणी ओढून घेते आणि पाक आपोआप सुटतो. दोन-तीन दिवसांत पाकळ्या तळाशी बसल्या की निथळून उन्हात वाळवाव्यात. संत्र्याची बर्फी करायची तर मिठाईची काळमर्यादाही मुलांना सांगावी. श्वेतांबर परंपरेत ती चातुर्मासात 15 दिवस, हिवाळ्यात 30 आणि उन्हाळ्यात 20 दिवस मानली जाते. दिवाळीची बर्फी म्हणून लवकर संपवावी लागते, याची तक्रार मुले करणार नाहीत.

पिल्लांचा प्रश्न मात्र वाटतो तेवढा सरळ नाही. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांमध्ये असतीपोषण सांगितले आहे. धनासाठी पोसू नयेत अशा प्राण्यांत मांजराचे नाव स्पष्ट येते. धान्याच्या गोदामात उंदरांसाठी मांजर ठेवणाऱ्याने यावर विचार करावा. पण तेथे भर ‘धनासाठी’ या शब्दावर आहे. आई महामार्गावर गाडीखाली सापडली आणि पोत्यांमागे तीन पिल्ले ओरडत राहिली, तर त्यांना उचलणे हा व्यापार नव्हे. आई मेल्याचे ठाऊक नसेल, तर मात्र आधी दूर राहून काही तास वाट पाहावी. मांजर पुष्कळदा परत येते.

जन्मतः पिल्लू जेमतेम 100 ग्रॅमचे असते आणि डोळे उघडायला सात ते चौदा दिवस लागतात. तोवर ऊब दुधाइतकीच महत्त्वाची. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब लागतात, म्हणून पशुवैद्याकडून पिल्लांसाठीची दूध-भुकटी आणावी. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पोटावर पालथे धरून पाजावे. दूध पाजून झाले की कोमट ओल्या कापसाने पोटाखाली पुसावे. त्याशिवाय पिल्लू लघवी करीत नाही.

साधारण चार आठवड्यांनी खरी अडचण उभी राहते. मांजर निसर्गतः मांसाहारी आहे. टॉरिन हे द्रव्य तिच्या शरीरात पुरेसे बनत नाही. ते अन्नातून न मिळाल्यास दृष्टी जाते आणि हृदय दुर्बळ होते. दूध-पोळीवर मांजर वाढविण्याची आपल्या घरांतील जुनी रीत दयेची वाटते, पण तिचे मोल मांजराला मोजावे लागते. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांच्या रुग्णालयाने हा पेच आपल्यापुरता सोडविला आहे: शाकाहारी पक्षी तेथे दाखल होतात, शिकारी पक्ष्यांवर उपचार करून त्यांना लगेच परत पाठवितात. घरातही तेच करता येईल. दुधाचे आठवडे सांभाळावेत आणि आठेक आठवड्यांचे पिल्लू, त्याला योग्य आहार देऊ शकेल अशा घरी द्यावे. यात हात पूर्ण स्वच्छ राहत नाहीत, हे कबूल. तरी गोदामाचे दार बंद करून घेण्यापेक्षा हे बरे. घर शोधण्याचे काम पहिल्याच दिवशी सुरू करावे. दोन महिन्यांत मुलांचा जीव जडतो आणि मग कोणी पिल्लू सोडत नाही.

सहलीचा दिवस कार्तिकी पौर्णिमेनंतरचा ठरवावा. चातुर्मास संपलेला असतो आणि आंबिया बहाराची संत्री झाडावर असतात. बागवानाला आधी विचारावे, कारण बहुतेक बागा व्यापाऱ्याला आधीच विकलेल्या असतात आणि फळाला हात लावण्याची परवानगी त्याच्याकडून घ्यावी लागते. संत्रे तोडल्यावर पिकत नाही, म्हणून कात्रीने देठासह तोडणे मुलांनी तेथेच शिकावे. साली टाकू नयेत. तीनदा उकळून, दर वेळी पाणी बदलून कडवटपणा काढला की पुढच्या वर्गाला त्यांचीच गोळी होते.