वय अर्जाच्या दिवशीचेच

परदेशातील पालकाकडे जाण्यासाठी मुलाने निवास परवाना मागितला आणि निर्णय होईपर्यंत ते अठरा वर्षांचे झाले, तर त्याचा हक्क बुडावा का? बेल्जियममध्ये निर्वासित म्हणून राहणाऱ्या गिनीच्या नागरिकाच्या मुलांबाबत युरोपीय संघाच्या न्यायालयाने १६ जुलै २०२० रोजी उत्तर दिले : वय अर्जाच्या तारखेचेच धरावे. हे योग्यच झाले. संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार निर्णयासाठी एरवीच नऊ महिने मिळतात. वय निर्णयाच्या दिवशी मोजले, तर दिरंगाई करणाऱ्या कार्यालयालाच नकाराचे आयते कारण सापडते. कुटुंबे शेवटच्या क्षणी अर्ज करतील, हा आक्षेप टिकत नाही. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीही मूल अल्पवयीनच असते. अर्जाची तारीख कुटुंबाच्या हाती असते, निर्णयाची नसते. विलंबाची किंमत सरकारांनी मोजावी, मुलांनी नव्हे.