न धावणाऱ्या गाडीचे मोल

वस्तूचे खरे मोल तिच्या वापरात असते की ती विकून मिळणाऱ्या पैशात, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच, किंबहुना त्याहूनही जुना आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रविषयक ग्रंथात पादत्राणाचे उदाहरण घेऊन तो मांडला. पादत्राण पायात घालता येते आणि ते देऊन त्याच्या बदल्यात दुसरी वस्तूही घेता येते. परंतु पहिला उपयोग हाच त्याचा स्वाभाविक उपयोग होय. ॲडम स्मिथने १७७६ साली उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य असा भेद केला, तो याच विचाराचा पुढचा टप्पा. या भेदाचे एक चमत्कारिक उदाहरण आज पाश्चात्त्य देशांतील जुन्या मोटारींच्या बाजारात पाहावयास मिळते. तेथे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची स्पोर्ट्‌स कार जितकी कमी धावलेली असेल तितकी तिची किंमत अधिक. धावण्यासाठीच निर्माण झालेल्या यंत्राला, ते धावले नाही म्हणून जादा दाम मिळतो.

अशी गाडी हाती आलेल्या मालकापुढे दोन मार्ग असतात. ती आहे तशी झाकून ठेवावी आणि भाव चढण्याची वाट पाहावी, हा एक. ती नीट दुरुस्त करून नियमित वापरात आणावी, हा दुसरा. दुसरा मार्ग पत्करणारा माणूस बाजाराच्या हिशेबात खुळा ठरतो. कारण त्याने कापलेला प्रत्येक मैल त्याच्याच मालमत्तेची किंमत थोडीथोडी कमी करतो. वस्तुतः त्या यंत्राचा खरा रक्षक तोच असतो. कायद्याने आणि करपद्धतीने त्याच्या मार्गात अडथळे उभे करू नयेत, एवढेच नव्हे तर त्याला वाट करून द्यावी, असे म्हणण्यास सबळ कारणे आहेत.

पाच लाखांतील एक

उदाहरणादाखल ब्रिटनमधील 'एमजीबी' ही मोटार घेता येईल. एमजी ही अक्षरे आपल्याकडील वाचकांस अलीकडे परिचयाची झाली आहेत. हे नाव आता एका चिनी उद्योगसमूहाकडे असून २०१९ पासून त्या नावाच्या मोटारी भारतात विकल्या जात आहेत. मुळात मात्र ती 'मॉरिस गॅरेजेस'ची आद्याक्षरे होत आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी १९२९ पासून १९८० पर्यंत या नावाच्या मोटारी बनत होत्या. १९६२ साली बाजारात आलेली एमजीबी ही त्यांतील सर्वांत यशस्वी मोटार. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे साधे इंजिन, दोनच माणसांची ऐसपैस जागा आणि उघडता येणारे टप, असे तिचे स्वरूप. ती धनिकांची मिरासदारी नव्हती. मध्यम उत्पन्नाच्या तरुणाने हौस भागवावी, अशा बेताने ती बनवली होती. अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत गेल्या.

१९८० साली उत्पादन थांबले, तेव्हा अखेरच्या सुमारे हजार गाड्या ब्रिटनमध्ये 'मर्यादित आवृत्ती' म्हणून विकण्यात आल्या. शेवटची म्हणून घेतलेली वस्तू वापरण्यापेक्षा जपून ठेवण्याकडे माणसाचा कल असतो. त्यामुळे काही हजार मैलच धावलेल्या एमजीबी आजही विक्रीस येतात, आणि त्यांच्या जाहिरातीत सर्वांत ठळक अक्षरांत छापला जातो तो मैलांचा आकडा.

थांबलेले यंत्रही झिजते

या आकड्यामागे एक गैरसमज दडलेला आहे. मोटार उभी ठेवली म्हणजे ती आहे तशीच राहते, असा तो गैरसमज. प्रत्यक्षात स्थिती उलट असते. टाकीतील पेट्रोल काही महिन्यांत जुने होऊन त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. रिकाम्या जागेत दमट हवा शिरून टाकी आतून गंजते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि त्या ओलाव्याने ब्रेकच्या सिलिंडरांतील पिस्टन जागीच अडकून बसतात. रबरी सील आणि होज पाइप कडक होऊन तडकतात. इंजिनातील तेलाचा थर खाली उतरून गेल्यावर सिलिंडरच्या भिंतींना गंज चढू लागतो. टायरची नक्षी कोरी दिसते, पण त्यातील रबराचे वय लपत नाही. ब्रिटनने फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक व बसच्या पुढील चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावण्यास मनाई केली, ती याच कारणाने. सारांश, कमी धावलेली गाडी म्हणजे नवी गाडी नव्हे. तिचा आकडा नवा असतो, ब्रेक मात्र चाळीस वर्षांचे असतात.

म्हणूनच अशी गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे नवी बॅटरी लावून किल्ली फिरवणे नव्हे. आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडावे लागते आणि ते मुरल्यावर इंजिन हाताने फिरवून पाहावे लागते. टाकी उतरवून साफ करणे, पेट्रोलच्या व ब्रेकच्या सर्व नळ्या बदलणे, रेडिएटर आणि इंजिनातील पाण्याच्या वाटा धुऊन काढणे, पुढच्या चाकांच्या किंगपिनमध्ये नवे ग्रीस भरणे, पाचही टायर टाकून देणे, ही कामे टाळता येत नाहीत. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत विजेच्या जोडणीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, म्हणजे आजच्या पद्धतीच्या नेमके उलट. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या कारागिराच्या हातून नवे इलेक्ट्रॉनिक भाग क्षणात जळू शकतात.

शिवाय इंधनही बदलले आहे. ब्रिटनमध्ये २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. त्या शिशाचे संरक्षण गेल्यावर जुन्या इंजिनातील व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, म्हणून नियमित धावायचे असेल तर कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागतात. सप्टेंबर २०२१ पासून तेथील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. ते जुन्या रबराला मानवत नाही.

मात्र या सर्व कामाचा अर्थ गाडी नव्याने घडवणे असा नाही. मूळ रंग, मूळ आसने, मूळ पत्रा शाबूत असेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. जे नाशवंत आहे आणि ज्यावर जीव अवलंबून आहे तेवढेच बदलावे, बाकीचे राखावे, हा त्यातील विवेक आहे. चकचकीत रंगाच्या मोहापायी अस्सल रंग खरवडून काढणारा मालक आणि ब्रेकला हात न लावता गाडी कोंडून ठेवणारा मालक, दोघेही त्या वस्तूवर सारखाच अन्याय करतात.

राखण करणारे आणि वापरणारे

आता बाजाराकडे वळू. जुन्या मोटारी ही आज चित्रे, दागिने यांच्या पंक्तीला बसलेली गुंतवणूक आहे. मे २०२२ मध्ये १९५५ सालची एक मर्सिडीज-बेंझ १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. एमजीबीची गोष्ट अर्थातच फार लहान. परंतु वरच्या मजल्यावरील भाव खालच्या मजल्यावरील आशाही वाढवतात. त्यात ब्रिटनच्या करकायद्याने भर घातली आहे. तेथे खासगी प्रवासी मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली लाभाचा कर बसत नाही. मोटारीची किंमत काळानुसार घटतच जाते, हे सर्वसाधारण गृहीत अशा सवलतीस अनुकूल आहे, आणि कामावर जाण्यासाठी गाडी वापरणाऱ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु जी गाडी वापरायचीच नाही अशा इराद्याने घेतली जाते, तिच्या बाबतीत हीच सवलत साठेबाजीला मिळालेले बक्षीस ठरते.

गमतीची गोष्ट अशी की, हा साठा करणारा माणूस वापरणाऱ्याच्या जिवावर जगत असतो. एमजीबीचे सुटे भाग आज मुबलक मिळतात, ते का मिळतात याचा विचार केला म्हणजे हे ध्यानात येईल. १९८८ साली मूळ साच्यांवर एमजीबीची संपूर्ण बॉडी पुन्हा तयार होऊ लागली. उत्पादन थांबून तेव्हा आठ वर्षे लोटली होती. कारखाना बंद पडलेल्या मोटारीची बॉडी नव्याने विकत मिळावी, ही घटना औद्योगिक इतिहासात विरळाच. ती घडली कारण हजारो मालक आपल्या गाड्या पावसापाण्यात चालवत होते, त्यांचे पत्रे गंजत होते आणि त्यांना नवे पत्रे हवे होते. मागणी होती म्हणून साचे जपले गेले, आणि साचे जपले गेले म्हणून कारागीर टिकले. त्याच बॉडीच्या आधारावर १९९२ साली एक नवी एमजीही निघाली; तिच्या सुमारे दोन हजार गाड्यांपैकी बहुतेक जपानला गेल्या. गाडी कोंडून ठेवणारा एकही भाग झिजवत नाही, म्हणून एकही भाग विकत घेत नाही. उद्या मात्र त्याच्या गाडीला सील लागला तर तो तयार मिळेल, कारण दुसऱ्या कोणीतरी आपली गाडी चालवून ती बाजारपेठ जिवंत ठेवलेली असते. एकाच्या वापराचा लाभ दुसऱ्याला फुकट मिळतो; ज्याच्यामुळे तो मिळतो, त्याच्या गाडीला बाजार मात्र कमी दाम देतो.

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप घेता येतील आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. पहिला असा की, अस्पर्श राहिलेली गाडी हा एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. वापराने तो पुसला जाईल. हे खरे आहे, परंतु सर्वच गाड्यांच्या बाबतीत नाही. ज्या मोटारीच्या दोन-चारच प्रती उरल्या, ती संग्रहालयात असावी याबद्दल दुमत होणार नाही. पाच लाखांपैकी एकीला मात्र हा न्याय लावता येत नाही. त्यातही मध्यम मार्ग उपलब्ध आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तयार केलेल्या तुरिन सनदेचे सूत्र असे की, आजच्या वापरासाठी करावे लागणारे बदल पुन्हा उलटवता येतील असे असावेत आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. या शिस्तीने चाललेली गाडी दस्तऐवज म्हणूनही शिल्लक राहते.

दुसरा आक्षेप प्रदूषणाचा आणि सुरक्षिततेचा. एमजीबीच्या काळातील इंजिनाचा धूर आजच्या इंजिनाहून निश्चितच घातक आहे, आणि अपघातात आतल्या माणसाला आजच्या मोटारीइतके संरक्षण ती देऊ शकत नाही. म्हणून 'नियमित वापर' याचा अर्थ रोज गर्दीच्या शहरातून कचेरी गाठणे असा घेता कामा नये. आठवड्यातून एकदा इंजिन पुरते तापेल आणि ब्रेक-क्लच मोकळे राहतील एवढे धावणे यंत्राच्या प्रकृतीला पुरेसे आहे. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरांच्या अशा धावण्याने शहराच्या हवेत पडणारी भर नगण्य असते.

कायद्याची तीन रूपे

प्रश्न उरतो तो कायद्याचा. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या मोटारीला रस्ताकर माफ असून, मे २०१८ पासून, तीत मोठे बदल केलेले नसल्यास, वार्षिक तांत्रिक तपासणीतूनही सूट आहे. हे औदार्य अनाठायी आहे. चार दशके कोंडलेली गाडी तपासणीवाचून रस्त्यावर येऊ शकते, आणि वर पाहिल्याप्रमाणे हीच गाडी सर्वांत धोक्याची असते. जर्मनीने १९९७ पासून अधिक शहाणपणाची पद्धत स्वीकारली आहे. तेथे तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाडीला तज्ज्ञाच्या तपासणीनंतर 'एच' अक्षराची विशेष नोंदणी मिळते. कर ठरावीक असतो, नेहमीची तांत्रिक तपासणी चुकत नाही, आणि त्या चौकटीत मालक ती गाडी मोकळेपणाने चालवू शकतो.

भारताने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रचनेत मोठा बदल न झालेल्या गाडीला 'व्हीए' या अक्षरांची नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. परंतु अशा गाडीला नियमित वापराची मनाई आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे शासनाने गाडीचा मान राखला, पण तिचे चालणे काढून घेतले. आपल्याकडे हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली. त्या गाडीचे इंजिन आवाजावरून ओळखणाऱ्या मिस्त्रींची विद्या आता कोणाच्या उपयोगी पडणार? गाडी संग्रहालयात ठेवता येते, हातातले कसब ठेवता येत नाही. ते रोजच्या कामानेच टिकते.

म्हणून २०२१ च्या नियमांत एक माफक दुरुस्ती व्हावयास हवी. दरवर्षी ब्रेक, सुकाणू, टायर आणि धूर यांची कडक तपासणी उत्तीर्ण होणाऱ्या व्हिंटेज गाडीला वर्षाकाठी ठरावीक किलोमीटर धावण्याची मुभा द्यावी, आणि दाट वस्तीच्या शहरी भागांत गर्दीच्या वेळी तिला बंदी ठेवावी. यात सरकारी तिजोरीला तोशीस नाही आणि सार्वजनिक हिताला बाधाही नाही. ज्या मालकाला गाडी केवळ मालमत्ता म्हणून सांभाळायची आहे, त्याने ती खुशाल सांभाळावी. परंतु पदरचे पैसे आणि श्रम खर्चून जो ते यंत्र पुन्हा चालते करतो, त्याला ते चालवण्याचा हक्क नाकारण्यात शहाणपण नाही.