ब्लँकेट कोणाच्या सोयीचे?

नाताळ जवळ आला की मुंबईत ब्लँकेटवाटप सुरू होते. धर्मग्रामांतील संघटना, शाळा, कंपन्या यांचे टेम्पो रात्री पदपथांपाशी येऊन थांबतात. दात्यांचा हेतू निर्मळ असतो, याविषयी शंका नाही. परंतु मुंबईची थंडी ती केवढी! काही वर्षांपूर्वी आमच्या तरुणांसोबत वाटपास गेलो असता एका वृद्ध गृहस्थांनी ब्लँकेट हसून परत केले. "फादर, या आठवड्यातलं हे तिसरं. जूनमध्ये ताडपत्री घेऊन याल का?" जूनमध्ये आम्ही गेलो नाही, हे येथे कबूल केलेले बरे.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. प्रत्यक्ष संख्या याहून बरीच मोठी असल्याचे कार्यकर्ते सांगत आले आहेत. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिले. त्या हिशेबाने मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत; तेवढे आजही नाहीत. रस्त्यावरच्या जगण्याचे गणित घरात बसून कळत नाही. तेथे शौचाला पैसे, अंघोळीला पैसे. सामान कुलपात ठेवण्याची सोय नाही. पदपथ मोकळे करण्याची मोहीम निघाली की ब्लँकेटांबरोबर आधार कार्डही जाते, आणि मग रेशनपासून इस्पितळापर्यंत सगळीच दारे जड होतात. स्त्रियांना सॅनिटरी पॅड आणि नवी अंतर्वस्त्रे हवी असतात, पण ती मागायची कोणाकडे?

पोप फ्रान्सिस यांच्या वतीने दानकार्य पाहणारे आर्चबिशप (पुढे कार्डिनल) कॉनराड क्रायेव्स्की यांनी रोममध्ये एका बेघर माणसाला जेवणाचे आमंत्रण दिले होते. अंगाला वास येतो म्हणून तो नको म्हणाला. येथे खायला मिळते, अंग धुवायला जागा मिळत नाही, असे त्याने सांगितले. त्यातून २०१५ च्या फेब्रुवारीत संत पेत्राच्या चौकालगत न्हाणीघरे आणि केशकर्तनाची सोय झाली. ही कल्पना कोणत्याही समितीच्या बैठकीत निघालेली नव्हती.

आपल्याला त्यासाठी इमारत बांधावी लागणार नाही. स्थानकाजवळच्या सशुल्क स्वच्छतागृहाच्या चालकाकडे महिन्याचे पैसे आगाऊ भरून अंघोळीची कुपने करून घेता येतील. कागदपत्रांच्या प्रती धर्मग्रामाच्या कार्यालयातील कपाटात सांभाळता येतील. चपला देण्यापूर्वी पायाचे माप विचारता येईल. यात छायाचित्र मात्र चांगले येत नाही.

यंदा आगमनकाळात जमणाऱ्या निधीतील अर्धी रक्कम ताडपत्र्यांसाठी मे महिन्यापर्यंत राखून ठेवावी, अशी सूचना आम्ही आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे मांडीत आहोत.